दिवाणखान्यातला पीसी : आधी डिस्क, मग बाकीचे

पुणे

ती. काकांस,


टीव्हीखाली ठेवायच्या होम थिएटर पीसीची निवड बहुतेक जण प्रोसेसरपासून सुरू करतात, आणि तिथेच गणित फसते. चित्रपट दाखवणे हे आजच्या साध्या प्रोसेसरलाही किरकोळ काम आहे. खरा प्रश्न साठवणीचा असतो. डिस्क किती लागणार, त्या कुठे बसणार, किती तापणार आणि रात्री सगळे निजल्यावर किती खरखरणार, हे एकदा ठरले की कॅबिनेट, एसएमपीएस आणि मदरबोर्ड यांचे पर्याय आपोआप चार-दोनावर येतात. प्रोसेसर शेवटी निवडला तरी चालतो.

किती साठवण लागेल हे घरात काय पडले आहे त्यावरून काढावे. डीव्हीडीत सहसा ८.५ जीबीपर्यंत मावतात, ब्लू-रेत २५ किंवा ५०, आणि फोर-केच्या ब्लू-रेत १०० जीबीपर्यंत. नाटकांच्या जुन्या व्हीसीडी या हिशेबात धरण्याइतक्याही नाहीत. लग्नामुंजींच्या मिनी-डीव्ही कॅसेटना तासाला सुमारे १३ जीबी लागतात. म्हणजे तासाभराच्या ६० कॅसेट असल्या तरी त्या ८०० जीबीच्या आत बसतात. जागा खातात त्या ब्लू-रे. शंभर ब्लू-रे सरासरी ३५ जीबीच्या धरल्या की साडेतीन टीबी झाले. विकत घेतलेली ८ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ७.२७ टीबी दिसते. त्यात दुकानदाराने फसवलेले नसते. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या, एवढाच तो फरक.

लहान यंत्रात लहान डिस्क हा विचार मोहात पाडतो, पण अडीच इंची हार्डडिस्क सहसा ५ टीबीच्या पुढे मिळत नाही आणि त्या क्षमतेला तिची जाडीही १५ मिमी होते. एसएसडी शांत असते आणि कमी तापते, पण टीबीमागे तिची किंमत हार्डडिस्कच्या कितीतरी पट पडते, आणि इथे तिच्या वेगाचा उपयोग नसतो. फोर-के ब्लू-रेचा कमाल प्रवाह सेकंदाला १२८ मेगाबिट, म्हणजे १६ मेगाबाइट. साधी साडेतीन इंची डिस्क सेकंदाला १५० मेगाबाइट सहज देते. म्हणून ऑपरेटिंग सिस्टिमसाठी २५० किंवा ५०० जीबीची एक एम.२ एसएसडी आणि साठवणीला साडेतीन इंची डिस्क, ही वाटणी बरी. डिस्क संख्येने कमी आणि आकाराने मोठ्या घ्याव्यात. ४ टीबीच्या चार डिस्कपेक्षा ८ टीबीच्या दोन कमी तापतात, कमी वाजतात आणि सॅटाच्या दोन जागा मोकळ्या राहतात.

डिस्क घेताना सीएमआर आणि एसएमआर हा भेद विचारावा. एसएमआरमध्ये डिस्कवरचे माग (ट्रॅक) एकमेकांवर कौलांसारखे चढवलेले असतात, सीएमआरमध्ये ते सुटे असतात. जागा वाचते, पण मधलाच भाग पुन्हा लिहायचा झाला की शेजारचेही माग लिहावे लागतात. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या रेड मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क एसएमआर असल्याचे उघड झाले, बरीच ओरड झाली आणि पुढे सीएमआर डिस्क ‘रेड प्लस’ या नावाने वेगळ्या काढल्या गेल्या. एकदा लिहून वर्षानुवर्षे वाचायच्या चित्रपटांना एसएमआर चालते. अनेक डिस्क एकत्र जोडायच्या रेड (RAID) रचनेत मात्र ती लावू नये, कारण बिघडलेल्या डिस्कच्या जागी नवी भरताना ती रडवते. सीसीटीव्हीसाठीच्या पर्पल किंवा स्कायहॉक डिस्क दुकानात सर्रास पुढे केल्या जातात. त्यांवर चित्रपट उत्तम चालतात, त्यामुळे किंमत जमत असेल तर नाही म्हणण्याचे कारण नाही.

मुळात घरच्या चित्रपटांना रेडची गरजच नसते. रेडमुळे डिस्क गेली तरी यंत्र चालू राहते. चुकून पुसलेली किंवा विजेच्या लोळात जळलेली फाइल मात्र रेड परत आणत नाही. चित्रपटाची तबकडी कपाटात असतेच. मुंजीच्या कॅसेटची फीत बुरशीने गेली तर तिला दुसरी प्रत नसते. तेव्हा घरगुती चित्रणाची दुसरी प्रत निराळ्या डिस्कवर घ्यावी, आणि ती डिस्क त्याच कॅबिनेटमध्ये न ठेवता कपाटात, शक्य तर दुसऱ्या घरी ठेवावी.

कॅबिनेट निवडताना देखणेपणाकडे कानाडोळा करावा लागतो. मिनी-आयटीएक्स मदरबोर्ड १७० मिमी लांब आणि तेवढाच रुंद असतो. २००१ मध्ये व्हीआयए कंपनीने हे माप आणले आणि छोट्या यंत्रांत आजही तेच चालते. पण त्यासाठीच्या चपट्या कॅबिनेटमध्ये साडेतीन इंची डिस्कला बहुधा जागाच नसते. फ्रॅक्टल डिझाइनच्या नोड २०२ मध्ये फक्त अडीच इंची डिस्क बसतात. त्याच कंपनीच्या नोड ३०४ मध्ये सहा साडेतीन इंची डिस्क बसतात आणि नेहमीचा एटीएक्स एसएमपीएस १६० मिमी लांबीपर्यंत चालतो. जॉन्स्बोच्या एन२ मध्ये पाच डिस्क मावतात, पण त्याला एसएफएक्स या छोट्या मापाचा एसएमपीएस लागतो. आपल्या बाजारात एसएफएक्समध्ये निवड थोडी आणि किंमत चढी असते. दोन ते चार डिस्कसाठी नोड ३०४ हा सरळ पर्याय आहे. चारच्या पुढे डिस्क जाणार असतील तर त्या दिवाणखान्यात ठेवूच नयेत. आतल्या खोलीत वेगळा साठवणीचा पीसी, टीव्हीजवळ छोटे शांत यंत्र आणि मधे गिगाबिट लॅनची वायर, ही रचना जास्त सुखाची.

एसएमपीएसच्या वॉटांचा बाऊ होतो. फिरायला लागताना साडेतीन इंची डिस्क १२ व्होल्टवर साधारण २ अँपिअर ओढते, म्हणजे चार डिस्क एकदम सुरू झाल्या तर काही सेकंद शंभरेक वॉट. नंतर प्रत्येकी पाच-सात वॉटांवर भागते. चांगल्या कंपनीचा ४०० वॉटांचा एसएमपीएस पुरून उरतो. सॅटाच्या पिना कमी पडल्या तर मोलेक्सवरून सॅटा करणाऱ्या स्वस्त, ओतीव प्लॅस्टिकच्या पिना मात्र वापरू नयेत. त्या आतल्या आत शॉर्ट होऊन पेटल्याची उदाहरणे आहेत.

आता उष्णतेचे. बहुतेक घरगुती डिस्कना कंपनी ६० अंशांपर्यंतची मर्यादा देते, पण ४५ च्या आत ठेवलेल्या बऱ्या. पुण्यात हे जमते. नागपूरच्या मे महिन्यात बाहेर ४५ अंश आणि पंख्याखालच्या खोलीत ४० असताना डिस्क त्याहून दहा-पंधरा अंश वरच असणार. अशा वेळी डिस्कवरून थेट हवा गेली पाहिजे. नोड ३०४ मध्ये पुढचे दोन ९२ मिमीचे पंखे डिस्कवर हवा सोडतात आणि मागचा १४० मिमीचा गरम हवा बाहेर काढतो. हे पंखे मंद वेगाने सतत चालू ठेवावेत, आणि पुढची जाळी निदान महिन्यातून एकदा झाडावी. टीव्हीच्या फर्निचरमध्ये पाठीमागे प्लाय असेल तर सुताराकडून एसएमपीएस आणि पंख्याच्या मागे भोक पाडून घ्यावे. नाहीतर पंखे तीच गरम हवा फिरवत बसतात. डिस्क रबरी बुशांवर बसवल्या की खरखर लाकडात उतरत नाही. ५४०० आरपीएमच्या डिस्क जास्त शांत असतात. मोठ्या क्षमतेच्या डिस्क बहुधा ७२०० च्या मिळतात आणि त्यांची टकटक शांत प्रसंगात ऐकू येते.

मदरबोर्डवर सॅटाच्या जागा मोजाव्यात. मिनी-आयटीएक्समध्ये त्या साधारण चार असतात, आणि काही बोर्डांवर एम.२ चा खाचा भरला की त्यातली एक बंद पडते. हे मॅन्युअलमध्ये बारीक अक्षरांत लिहिलेले असते. कार्डासाठी पीसीआयई खाचा एकच असतो. मिनी-डीव्ही कॅसेट उतरवायला फायरवायर लागते, ती आता कुठल्याच नव्या बोर्डावर येत नाही, आणि तिचे कार्ड लावले तर जादा सॅटाचे कार्ड लावायला जागा उरत नाही. यावर उपाय असा की कॅसेट जुन्या पीसीवरच उतरवाव्यात. तासाची कॅसेट उतरायला तासच लागतो, तेव्हा ते काम टीव्हीसमोर करण्यात अर्थ नाही. उतरवलेली मूळ डीव्ही फाइल जपून ठेवावी. लहान केलेली प्रत फक्त पाहण्यासाठी.

प्रोसेसरकडून एकच मागणे असते : चित्र उलगडण्याचे काम त्याच्यातल्या ग्राफिक्सने करावे. व्हिडिओ दाबून साठवण्याच्या पद्धतींपैकी दहा बिटांचे एचईव्हीसी इंटेलच्या सातव्या पिढीपासून जमते, एव्ही१ अकराव्यापासून. यूट्यूब एव्ही१ बराच वापरते. आय३-१२१०० ला हे सगळे येते. त्याच्या नावामागे एफ लागले की आत ग्राफिक्सच नसते, आणि स्वस्त मिळते म्हणून नेमके तेच गळ्यात मारले जाते. एएमडीच्या ५६००जी ला एव्ही१ उलगडता येत नाही, ८६००जी ला येते. इंटेलचा ६ वॉटांचा एन१०० सुद्धा चित्रपटांना पुरेसा आहे, फक्त त्याच्या छोट्या बोर्डांवर सॅटाच्या जागा बहुधा एक-दोनच असतात. रॅम ८ जीबी पुरते. वेगळे ग्राफिक्स कार्ड घेऊ नये.

एचडीएमआय २.० किंवा पुढची असावी. १.४ वर फोर-के सेकंदाला ३० चित्रांवर अडते. आपल्याकडच्या जुन्या चित्रणासाठी ३० च्या पुढे जाण्याचे महत्त्व जास्त आहे. भारतातले कॅमेरे आणि डीव्हीडी पाल पद्धतीच्या : सेकंदाला २५ चित्रे, प्रत्येक दोन अर्ध्या भागांत, म्हणजे ५० अर्धचित्रे. ती ६० हर्ट्झवर दाखवली की वरात चालताना मधेच अडखळते, आणि दोष कॅसेटला दिला जातो. टीव्ही ५० हर्ट्झवर नेला आणि अर्धचित्रांची ५० पूर्ण चित्रे करून घेतली की हालचाल पुन्हा सलग होते. चित्रपट दाखवायच्या कोडी या सॉफ्टवेअरमध्ये पडद्याचा रिफ्रेश रेट फाइलप्रमाणे बदलण्याची सोय आहे. ती मुळात बंद असते, चालू करावी लागते.

कोडी २०१४ पर्यंत एक्सबीएमसी नावाने चालत असे. एका टीव्हीला ते पुरते. घरात दोन-तीन ठिकाणी पाहायचे असेल तर जेलीफिन लावावे, दोन्ही फुकट आहेत. टीव्हीचा रिमोट पीसीला सहसा चालत नाही, कारण एचडीएमआय-सीईसी ही सोय बहुतेक मदरबोर्डांवर नसते. यूएसबीचा इन्फ्रारेड रिसीव्हर लावला की काम भागते. नेटफ्लिक्स आणि तत्सम गोष्टी टीव्हीवरच पाहाव्यात. पीसीवर फोर-के मिळवण्याच्या अटी पाळत बसण्याइतके त्यात काही नाही.

वीज जाण्याचा त्रास असेल तर लहान यूपीएस घ्यावा. घरच्या इन्व्हर्टरला यूपीएस मोडचे बटण असेल तर ते दाबून पाहावे, बऱ्याचदा तेवढ्याने पीसी बंद पडायचा थांबतो. नव्या डिस्कवर काहीही भरण्याआधी क्रिस्टलडिस्कइन्फो या फुकट सॉफ्टवेअरमध्ये ती आधी किती तास चालली आहे ते पाहावे. नव्या डिस्कवर हा आकडा शून्याच्या आसपासच असतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागवा की नागपुरात घ्या, पक्क्या बिलावर डिस्कचा सीरियल नंबर लिहून घ्या, कारण वॉरंटी त्या नंबरावरच मिळते.

काकूंना नमस्कार.

आपला पुतण्या