चाळ उघडली की घसा धरतो

तुळशीचं लग्न होतं, काकडा संपतो, आणि आमच्या भजनी मंडळातले बसलेले आवाज एकेक करून मोकळे होतात. कोजागरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत पहाटेच्या गारठ्यात गायचं म्हटल्यावर घसा धरायचाच, त्यात नवल नाही. माझा मात्र पुढेही मोकळा होत नसे. घशाच्या मागच्या बाजूला काहीतरी चिकटून बसलेलं असायचं. खाकरलं की हलायचं, गिळलं की पुन्हा जागेवर. नाक गळत नव्हतं, ताप नव्हता, भूक चांगली होती. रात्री पाठीवर आडवा झालो की नाकाच्या मागून घशात काही उतरतंय हे स्पष्ट जाणवायचं, आणि पहाटेच्या आधीच खोकल्याची उबळ येऊन जाग यायची. अभंगाचा वरचा सूर लावायला जावं तर आवाज मध्येच फाटायचा.

आमचं गाव नेवासा तालुक्यात, मुळेच्या पाटाखाली. ऊस आणि कांदा ही दोनच पिकं खरी, बाकी सगळं तोंडी लावायला. खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला की थुंकी तपासून घ्यावी, हे आशाताई घरोघर सांगत असतात. म्हणून आधी सरकारी दवाखान्यात तीच तपासणी केली. ती फुकट होते. क्षय नव्हता. छातीचा फोटोही स्वच्छ आला. त्यानंतर निरनिराळ्या ठिकाणी मला प्रतिजैविकांच्या गोळ्या मिळाल्या, खोकल्याची औषधं मिळाली, आणि प्रत्येक वेळी आठवडाभर बरं वाटून पुन्हा तेच. आईचं म्हणणं एकच, "पडसं मुरलंय तुझं. दही बंद कर, रात्रीचा भात बंद कर." मी दोन्ही बंद केलं. फरक पडला नाही.

शेवटी नगरला नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी सुरुवातीलाच जे सांगितलं ते मला इतकी वर्षं कुणी सांगितलं नव्हतं. निरोगी माणसाच्या नाकात आणि सायनसच्या पोकळ्यांत रोज साधारण लिटरभर पातळ चिकट द्रव तयार होतो. आत न दिसणारी बारीक केसाळ लव असते, ती सतत हलत हा द्रव मागे घशाकडे ढकलते आणि आपण नकळत तो गिळतो. धूळ, जंतू, परागकण त्यातच अडकून पोटात जातात आणि तिथल्या आम्लात मरतात. म्हणजे नाकातून घशात उतरणं हा आजारच नाही. ते रोजचं काम आहे. पाटाला पाणी सुटतं तेव्हा कुणाचं लक्ष नसतं, गाळ साचून पाणी तुंबलं की सगळे जागे होतात, तसंच हे. द्रव जास्त झाला, घट्ट झाला, वाट अडली किंवा घशाची कातडी हुळहुळी झाली की माणसाला तो जाणवू लागतो. "तेव्हा कफ थांबवायचं औषध मागू नका," डॉक्टर म्हणाले. "कशामुळे बिघडलं ते आपण शोधू."

ती यादी मोठी निघाली. धुळीची, परागांची, बुरशीची ॲलर्जी. थंड हवा, धूर, उग्र वास यांनी चिडणारं नाक. बारा आठवड्यांपेक्षा जास्त रेंगाळलेला सायनसचा दाह. नाकाचा वाकडा पडदा, नाकात वाढलेले कोंब. काही औषधं, गरोदरपण, उतारवय. आणि ज्याचा नाकाशी काही संबंध नसतो असं एक कारण, पोटातलं आम्ल वर घशापर्यंत येणं. त्यात छातीत जळजळ होईलच असं नाही. नुसतं खाकरणं, घशात गोळा असल्यासारखं वाटणं आणि सकाळी बसलेला आवाज एवढंच असू शकतं.

नाकातून बारीक दुर्बीण घालून त्यांनी आत पाहिलं. पडदा थोडा वाकडा होता, पण तो बहुतेकांचा असतो म्हणाले. कोंब नव्हते. पू नव्हता. नाकाच्या आतली कातडी फिकट आणि सुजलेली होती, आणि स्वरयंत्राच्या मागच्या बाजूला लाली होती. गोळ्या लिहून देण्याऐवजी त्यांनी मला काम दिलं. घरी कॅलेंडर असेल त्यावर रोज लिहायचं, त्रास किती झाला, आणि त्या दिवशी मी कुठे होतो, काय केलं, रात्री कधी जेवलो.

त्या कॅलेंडरने माझ्यासाठी जे केलं ते कोणत्याच बाटलीने केलं नव्हतं. उन्हाळ्यात, कांदा शेतात असताना, मी जवळजवळ ठणठणीत होतो. पावसाळ्यात, बांधावरचं गाजर गवत फुलोऱ्यात आलं की शिंका सुरू. श्रावणानंतर चाळ उघडून कांदा निवडायला बसलो की त्या रात्री हमखास खोकला. आणि कारखान्याची चिमणी पेटली, उसाची तोड सुरू झाली, लोकांनी पाचट जाळायला घेतलं की पुढे महाशिवरात्रीपर्यंत घसा धरलेलाच.

चाळीबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण आमच्याकडे कांद्याचा भाव सगळे बोलतात, त्याच्या धुळीबद्दल कुणी बोलत नाही. गावरान कांदा मार्च-एप्रिलमध्ये काढून चाळीत भरतो आणि भाव बघत दिवाळीपर्यंत ठेवतो. मधल्या पावसात दमट हवा शिरते. चाळ फोडली की वरचा कांदा चांगला दिसतो, हात खाली घातला की सुटलेली सालं भुरभुरतात आणि त्यांच्या आतल्या बाजूला काजळीसारखी काळी पूड असते. ती बुरशी आहे, ॲस्परजिलस नायजर तिचं नाव. कांदा हातात फिरवून साल झटकली की ती पूड उडते आणि कवडशात तरंगताना दिसते. दिवसभर निवडणाऱ्या माणसाची बोटं, नखं, रुमाल सगळं काळं होतं. संध्याकाळी नाक शिंकरलं तर तेही काळं. आम्ही त्याला कांद्याची धूळ म्हणतो आणि हात धुऊन मोकळे होतो. नाक कोणी धुत नाही.

गाजर गवताची गोष्ट सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. हे झाड इथलं नाही, अमेरिका खंडातलं. १९५० च्या दशकात पुण्यात ते पहिल्यांदा नोंदलं गेलं आणि पुढे देशभर पसरलं. अंगाला लागलं की पुरळ, आणि पराग नाकात गेले की शिंका, दमा. ते फुलण्याआधी, पावसाने जमीन मऊ असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटावं. फुलोऱ्यातलं गवत उपटणं म्हणजे त्रास अंगावर ओढून घेणं आहे, आणि नेमक्या त्याच वेळी श्रमदानाचे कार्यक्रम होतात याचं मला फार वाईट वाटतं.

पुढच्या खेपेला ॲलर्जीची चाचणी झाली. त्याआधी आठवडाभर ॲलर्जीच्या गोळ्या बंद ठेवायला सांगितल्या होत्या. हाताच्या आतल्या बाजूला पेनाने खुणा करून नर्सताईंनी प्रत्येक खुणेजवळ एकेक थेंब ठेवला आणि थेंबातूनच बारीक सुई जेमतेम कातडीत टोचली. रक्त आलं नाही. एक थेंब नुसत्या मिठाच्या पाण्याचा, एक हिस्टामिनचा. पहिल्याला काही व्हायला नको, दुसऱ्याला व्हायलाच हवं. मग पंधरा-वीस मिनिटं हात न खाजवता बसायचं. माझ्या डोळ्यांदेखत काही खुणांवर डास चावल्यासारख्या गांधी उठल्या. नर्सताईंनी पट्टीने त्या मोजल्या. मिठाच्या पाण्याच्या जागेपेक्षा ३ मिलिमीटरने मोठी असेल ती धरायची. घरातल्या धुळीतले सूक्ष्म किडे, बुरशी आणि गाजर गवत या तीन ठिकाणी ठळक गांधी होत्या. डॉक्टर म्हणाले, "नुसत्या गांधीवर मी विश्वास ठेवत नाही. ती तुमच्या कॅलेंडरशी जुळली पाहिजे." ती जुळत होती.

उरली स्वरयंत्रामागची लाली. तिचं कारणही कॅलेंडरवर होतंच. शेतीच्या पंपाला थ्री फेज लाईट एक आठवडा दिवसा असते आणि एक आठवडा रात्री. रात्रीच्या पाळीत बारे देऊन घरी यायचं, मध्यरात्री पोटभर जेवायचं आणि लगेच पडायचं. त्या आठवड्यांत सकाळी आवाज हमखास बसलेला असे. जेवण आणि झोप यांत तीन तासांचं अंतर ठेवा, असं कोणतंही पुस्तक सांगेल. पण रात्री पाणी भरणाऱ्या माणसाने ते कसं पाळायचं याचं उत्तर मला स्वतःलाच काढावं लागलं. आता संध्याकाळी दिवेलागणीला जेवून मग पाणी द्यायला जातो, परत आल्यावर फार तर कोरडी भाकर थोडीशी. खाटेचे डोक्याकडचे पाय विटांवर उचलले आहेत. दिवसा वीज हे शेतकऱ्याचं मागणं सापांच्या आणि बिबट्याच्या भीतीपोटी केलं जातं. माझ्या मते त्यात घसाही धरायला हरकत नाही.

उपायांत सगळ्यात जास्त गुण मला नाक धुण्याने आला. जलनेती आपल्याकडे जुनीच आहे, हठयोगाच्या षट्कर्मांतली. पाव लिटर पाण्यात अर्ध्या सपाट चमच्याला किंचित कमी मीठ आणि चिमूटभर खाण्याचा सोडा. मीठ कमी पडलं तर नाक झोंबतं, नेमकं असलं तर काहीच जाणवत नाही. पाणी मात्र उकळून गार केलेलंच हवं. बोअरचं, पाटाचं, नळाचं थेट वापरू नये. २०११ मध्ये अमेरिकेत लुईझियाना राज्यात नळाच्या पाण्याने नेती करणारी दोन माणसं मेंदू खाणाऱ्या अमिबामुळे गेली. पाणी प्यायल्याने हा अमिबा काही करत नाही, नाकातून वर गेला तरच घात करतो. भांडंही धुऊन कोरडं ठेवायचं. चाळीतून आलं की हातपाय धुतल्यावर लगेच नाक धुवायचं, ही सवय आता आमच्या घरात मुलांनाही लागली आहे.

दुसरा उपाय नाकातल्या फवाऱ्याचा. त्यात स्टेरॉइड असतं म्हटल्यावर घरात सगळे घाबरले. पण त्याची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते आणि ते नाकातच काम करतं, अंगात फार थोडं जातं. मारायची रीत महत्त्वाची. मान किंचित पुढे, उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत, डाव्या हाताने उजव्या, आणि तोंड मधल्या पडद्याकडे न करता बाहेर कानाकडे. जोरात ओढायचं नाही, नाहीतर औषध सरळ घशात. त्याचा गुण यायला आठवडा-दोन आठवडे लागतात, आणि बरेच जण त्याआधीच सोडून देतात. नाक झटकन उघडणारे थेंब ही वेगळी गोष्ट. ते चार-पाच दिवसांपुढे घातले की उलटतात, नाक त्यांच्याशिवाय उघडतच नाही. आमच्या गावात एक गृहस्थ ती बाटली उशाशी असल्याशिवाय झोपत नाहीत.

आईच्या उपायांबद्दलही सांगायला हवं. वाफेने बरं वाटतं, आजार हटत नाही, आणि लहान पोर जवळ असेल तर उकळत्या पातेल्याचा धोका मोठा. आलं-गवती चहाचा काढा गरम म्हणून घशाला सुखावतो. मधाने खोकला थोडा शमतो, पण वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये. दुधाने कफ वाढतो ही समजूत तपासण्यांत टिकलेली नाही. दुधाने लाळ जरा दाटसर लागते एवढंच. बाळाच्या नाकात तेल घालायची रीत मात्र बंद व्हायला हवी, ते फुप्फुसात उतरू शकतं. धुळीतल्या किड्यांसाठी गोधड्या मात्र आई म्हणते तशाच, कडक उन्हात वाळवाव्या. त्यात मी भर घातली ती गरम पाण्याच्या धुण्याची.

बुरशीवर खरा इलाज शेतातच करावा लागतो. काढणीआधी दहा-पंधरा दिवस पाणी तोडायचं, शेवटी शेवटी युरिया टाकायचा नाही, माना पडल्यावरच काढायचं, पातीसकट सुकू द्यायचं आणि पात कापताना इंचभर मान ठेवायची. चाळीला खालून हवा हवी. एवढं केल्यावर गेल्या मोसमात काळी पूड डोळ्यांना दिसण्याइतकी कमी होती. पाचट मी जाळत नाही, सरीत कुजवतो; शेजाऱ्यांना सांगणं चालू आहे.

मी मालक आहे, मला नगरला जाता आलं. चाळीवर निवडायला ज्या बाया येतात त्या माझ्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ त्या पुडीत बसतात, आज माझ्याकडे, उद्या दुसरीकडे, तोंडाला नुसता पदर. त्यांच्यातल्या बहुतेकींना हेच खाकरणं आहे आणि त्या त्याला वयाचं दुखणं म्हणतात. याच जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबेल आरोळे यांनी १९७० पासून फार न शिकलेल्या गावच्या बायांनाच आरोग्याचं काम शिकवलं आणि त्यांनी ते उत्तम केलं. त्यामुळे चाळीवरच्या बायांना हे कळणार नाही असं मला कुणी सांगू नये. पदर धूळ अडवत नाही, घट्ट बसणारा एन-९५ मास्क अडवतो. ते मी आणून ठेवतो. उकाड्यात तो नको वाटतो, म्हणून निवडायचं काम आता सकाळी लवकर आणि चाळीबाहेर, वाऱ्याकडे पाठ करून करतो. पाणी उकळून गार करून ठेवलेलं असतं, ज्यांना नाक धुवायचं त्या धुतात. नाकाच्या एकाच बाजूने सतत पू, रक्त किंवा घाण वास, तीन आठवड्यांपेक्षा जास्त बसलेला आवाज, उतरत चाललेलं वजन, वाकल्यावर एकाच नाकपुडीतून टपकणारं स्वच्छ पाणी, यातलं काहीही असेल तर थांबायचं नाही, डॉक्टर गाठायचा, हे त्यांना तोंडपाठ झालं आहे. त्यांच्यातल्या एका मावशींचा खोकला महिनाभर होता. त्यांना थुंकी तपासायला मी मोटारसायकलवर घेऊन गेलो. क्षय निघाला नाही, धुळीचाच त्रास ठरला. त्या आता मास्कशिवाय चाळीत पाऊल टाकत नाहीत, आणि दुसऱ्याच्या चाळीवर गेल्या तरी मालकाकडे तो मागून घेतात.