पदर उडाला म्हणजे किती?

तिकडे वेगमर्यादा ओलांडली म्हणून तुला दंड झाला आणि तू रुसून बसलीस, हे वाचून हसू आवरेना. लोणीच्या रस्त्याने लुना दामटताना सायकलवाले तुला मागे टाकायचे, विसरलीस?

इकडे कोल्हारात शिर्डीच्या गाड्या, उसाच्या ट्रॉल्या आणि भगवतीमातेचे भाविक, सगळे त्याच नगर-मनमाड रस्त्यावर. मध्यंतरी प्रवरेच्या पुलाजवळ एका मोटारीने दुचाकीवाल्या पोराला उडवलं. जीव वाचला, पाय गेला कामातून. आपल्या भाजीवाल्या मावशी साक्षीला उभ्या राहिल्या. वकिलांनी विचारलं, गाडीचा वेग किती होता? मावशी पदर धरून म्हणाल्या, "हा असा उडाला बघा, एवढा!" कोर्ट हसलं. तुला सांगते, मला मात्र गलबलून आलं. बाई खरं तेच सांगत होती.

पण कायद्याला ते पुरत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 183 सांगतं की अतिवेगाची शिक्षा एकट्या साक्षीदाराच्या अंदाजावर होत नाही. त्या अंदाजाला यंत्राचा आधार हवा. कर्नाटकातल्या एका ट्रकचालकाच्या खटल्यात तर माणसं दगावली होती. तरी सर्वोच्च न्यायालयाने 1998 मध्ये सांगितलं, नुसतं 'भरधाव' म्हटल्याने निष्काळजीपणा सिद्ध होत नाही. भरधाव म्हणजे साधारण किती, हे एकाही साक्षीदाराने सांगितलं नव्हतं. चालक सुटला. तू चिडशील, मीही चिडले होते. पण आपल्याच भावाला कुणी अंदाजाने तुरुंगात धाडलं असतं तर? न्यायालयाचं मला पटतं गं. यंत्राविना सोडलेले रस्ते पटत नाहीत.

कोइमतूरचे अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. एस. राजसीकरन याच काळजीने 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले. मोडलेली हाडं जोडणारा माणूस तो, त्याला नाही कळणार तर कुणाला! त्याच प्रकरणात 2024 मध्ये न्यायालयाने राज्यांना बजावलं, कलम 136अ अमलात आणा, म्हणजे महामार्गांवर कॅमेरे आणि वेग मोजणारी यंत्रं लावा. 2021च्या नियमांप्रमाणे त्या यंत्राला मान्यतेचं प्रमाणपत्र लागतं, आणि पुढे कॅमेरा आहे असा फलकही.

तसा एक कॅमेरा पुलाच्या अलीकडे हवा, असा ठराव मी ग्रामसभेत मांडणार आहे. मावशी अनुमोदन देणार, पाठ करून बसल्यात. मसुदा सोबत जोडलाय. तुझी ती लाल शाई काढ आणि ऱ्हस्व-दीर्घ बघून लवकर धाड, सभा तोंडावर आलीय.