किरकोळ

बँकेत एक बरं असतं. ठरावीक वर्षं उलटली की जुनी व्हाउचरं नियमानुसार नष्ट करता येतात. घरात तशी सोय नाही. घरातला कागद फेकायचा तर बायकोची परवानगी एकदा लागते आणि ठेवायचा तर रोज लागते.

आमच्या माळ्यावर बाबांची लोखंडी ट्रंक होती. "आता या घरात एक तर ती राहील, नाही तर मी," असं सौ.नं जाहीर केल्यावर मी दोन्ही बाजूंचा नीट विचार केला आणि ट्रंक खाली काढली.

आत काय नव्हतं? रेडिओच्या लायसनचं पुस्तक, १९७८ पासूनची विजेची बिलं, एका सायकलची पावती. (सायकल १९८६ साली चोरीला गेली. पावती शाबूत आहे.) आणि तळाशी बाबांच्या जमाखर्चाच्या वह्या.

बाबा सरकारी कचेरीत कारकून. घरातल्या टाचण्यांचे पाच पैसेसुद्धा ते तारीखवार लिहीत. पण दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एक नोंद ठरलेली : 'किरकोळ – २५ रु.' मी पडलो बी.कॉम. ज्याचं काय करावं कळत नाही, ते आम्ही बँकेत सस्पेन्स खात्यात टाकतो. पण तेसुद्धा पुढे निस्तरावं लागतं. टाचण्यांचा हिशेब ठेवणारा माणूस पंचवीस रुपयांना किरकोळ म्हणतो? १९८९ साली मी त्यांच्याकडे पंचवीस रुपयांची बॅट मागितली, तेव्हा "परवडत नाही" असं दोन वर्षं ऐकलं होतं. त्या वेळी पंचवीस रुपये अजिबात किरकोळ नव्हते.

वह्यांखाली सुतळीनं बांधलेला एक गठ्ठा निघाला. मनिऑर्डरच्या पोचपावत्या! सगळ्या बार्शीच्या, सगळ्या एकाच बाईंच्या सहीच्या. जानेवारी १९७४ ते जून १९९१. सुरुवातीला दहा रुपये, मग पंधरा, १९८० पासून पंचवीस. एकूण २१० पावत्या, रक्कम ४,३५० रुपये, कमिशन वेगळं.

सौ. माझ्या खांद्यावरून बघत होती. "मामंजी वाटायचे मात्र साधे हो," ती हळूच म्हणाली.

आता विचारणार कुणाला? आई आधीच गेली, मग बाबा. बाबा बार्शीला शिकले एवढं ठाऊक होतं. कसे शिकले, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. शेवटी महिन्याचा चौथा शनिवार गाठून, बँकेला सुट्टी असल्यानं रजा न मोडता, मी कुर्डुवाडीमार्गे बार्शीला निघालो. बाबांच्या वेळी या वाटेवर बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी रुळांवरची इवलीशी गाडी होती. १८९७ पासूनची. आता रूळ रुंद झालेत. गाडीत बसल्या बसल्या बाबा आठवत राहिले. जेवणाच्या बाबतीत फार चोखंदळ. आमटीत मीठ कमी, भाजी जरा अळणी... फक्त बुधवारी ताटात पडेल ते मुकाट्यानं खायचे. आईनं कारण कधी विचारलं नाही. तिनं एवढंच केलं, की दुधी भोपळा कायमचा बुधवारवर टाकला.

पावतीवरची गल्ली भगवंताच्या देवळाजवळच निघाली. दार एका पंचाहत्तरीच्या गृहस्थांनी उघडलं. पावती बघून ते जरा वेळ गप्प झाले. मी बाबांचं नाव सांगितलं, ते त्यांना पटकन लागेना. मग एकदम म्हणाले, "अहो, म्हणजे तुम्ही बुधवारचे!"

बाबा बार्शीला वार लावून जेवत होते. सात दिवस, सात घरं. बुधवार या घरचा. "आई म्हणायची, बाकीचे वार कधी चुकतात पोराचे, पण बुधवार चुकू द्यायचा नाही. पुढं आमचे वडील गेले, आणि कुठून कळलं कोण जाणे, मनिऑर्डर सुरू झाली. मी नोकरीला लागल्यावर आईनं नको म्हणून कळवलंसुद्धा. पण ऐकतात होय? जून ९१ ची घेतली आणि पुढच्याच महिन्यात ती गेली."

त्यांनी आतून बिस्किटांचा डबा आणला. मनिऑर्डरची पावती पाठवणाऱ्याकडे परत यायची, मजकुराचं कुपन मात्र घेणाऱ्याकडे राहायचं. डबाभर कुपनं होती. बाबांचं ते रेघेवर बसलेलं अक्षर, आणि प्रत्येकावर एकच शब्द : 'बुधवारचे.'

माझी बॅट १९९१ च्या ऑगस्टमध्ये आली होती. बाबांना बढती मिळाली असणार, असं मला इतकी वर्षं वाटत होतं.

२१० पावत्या माझ्या पिशवीत आणि कुपनं समोर. सवयीनं मी टॅली करायला घेतलं. दहा-बारा मोजली असतील. मग एवढ्या नोकरीत पहिल्यांदाच, न मोजता कागद परत ठेवले. काकांनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. शनिवार असूनही.

ट्रंक पुन्हा माळ्यावर गेली. या वेळी सौ.नंच खालून हात लावला. त्यानंतरच्या बुधवारी ताटात दुधी भोपळा आला. मी मुकाट्यानं खाल्ला. सौ.नं माझ्याकडे एकदा नीट पाहिलं.

तेव्हापासून दर बुधवारी दुधी भोपळा असतो.