चन्नपट्टणची लाख आणि आमचा पाळणा

बंगळूरूहून म्हैसूरच्या गाडीत बसल्यावर पहिला अर्धा तास शहर काही केल्या पाठ सोडीत नाही. मग एकाएकी दोन्ही बाजूंना प्रचंड काळे खडक उभे राहतात. हे रामनगर. १९७५ साली पडद्यावर आलेल्या 'शोले'चे खडक ते हेच, हे शेजारचा प्रवासी आपणांस न विचारताच सांगून टाकतो. याच रामनगरात रेशमाच्या कोशांचा मोठा बाजार भरतो. पुढे थोड्याच अंतरावर, बंगळूरूपासून सुमारे साठ किलोमीटरवर, चन्नपट्टण लागते. कन्नड लोक त्याला कौतुकाने 'गोंबेगळ ऊरु' म्हणजे बाहुल्यांचे गाव म्हणतात. एका किड्याच्या रेशमावर जगणारे गाव आणि दुसऱ्या किड्याच्या लाखेवर जगणारे गाव अशी शेजारी शेजारी नांदताना पाहून मला मौज वाटली.

मी तेथे बाहुल्या घ्यावयास गेले नव्हते. एका शब्दाच्या आणि एका पाळण्याच्या पायी गेले होते.

शब्दाची हकीकत आधी सांगते, कारण ती थोडक्यात आटोपते. हस्तव्यवसायांवरील एका इंग्रजी टिपणाचे मराठी करण्याचे काम माझ्याकडे आले. त्यात 'फिनिश' हा शब्द दर दोन ओळींनी येई. घाईत मी 'लाकडावरील अंतिम संस्कार' असे लिहून मोकळी झाले. आमच्या ज्येष्ठ संपादकांनी तांबड्या पेन्सिलीने त्याखाली रेघ मारून समासात लिहिले, "बाई, लाकूड अजून जिवंत आहे." मग शोध सुरू झाला. झिलई धातूला शोभते. मुलामा म्हटले की आत काही खोटे आहे असा वास येतो. रोगण हा एकच प्रकार झाला. मिस्त्री लोक सरसकट 'पॉलिश' म्हणतात आणि त्यात सारे येते. शेवटी मीही तोच शब्द स्वीकारला. परंतु शब्द एक असला तरी वस्तू एक नव्हे, हे मला पाळण्याने शिकविले.

हा पाळणा सागवानी, कातीव दांड्यांचा. रत्नागिरीहून दिल्लीला माझ्या लग्नानंतर आला. माझे वडील, आत्या, आम्ही भावंडे, सारी त्यात वाढलो. २०२३ च्या पावसाळ्यात माझी मुलगी आठ महिन्यांची होती. पाळण्याचे जुने पॉलिश काळवंडले होते, म्हणून आम्ही उत्साहाने तो रंगविला. माळ्यावर कित्येक वर्षे पडून असलेला पांढऱ्या ऑइलपेंटचा एक डबा सापडला, तोच वापरला. डब्यावरचा कागद केव्हाच गळून गेला होता. रंग आठवडाभर चिकट राहिला, पण दिसावयास सुरेख दिसे. मुलीला दात येत होते. एके दुपारी ती कठड्याला हिरड्या घाशीत उभी होती आणि तिच्या ओठांवर पांढरा कपचा चिकटलेला मी पाहिला.

आपल्या देशात घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांहून अधिक असू नये असा नियम २०१६ साली झाला व १ नोव्हेंबर २०१७ पासून तो लागू आहे. आमचा डबा त्याच्या आधीचा की नंतरचा, कोण सांगणार? शिसे लहान मुलांच्या मेंदूला बाधते, आणि बाहेरून काही काळ कळतही नाही. डॉक्टरांनी रक्त तपासावयास सांगितले. अहवाल यावयास तीन दिवस लागले. ते तीन दिवस कसे गेले हे मी लिहीत नाही. ज्यांच्या घरी मूल आहे त्यांना ते सांगावे लागणार नाही. अहवाल निर्दोष आला. पाळणा मात्र मी चादरीत गुंडाळून गच्चीवरच्या खोलीत टाकला. माझे सासरे, ज्यांना आम्ही दादा म्हणतो, इतकेच म्हणाले, "लाकडाचा काय दोष?"

पुढच्या वर्षी धाकट्या भावाकडे बाळ होणार असे कळले, आणि पाळणा पाठवावा अशी आईची चिठ्ठी आली. त्याच सुमारास कचेरीच्या कामाने मला बंगळूरूस जावे लागले, तेव्हा एक दिवस मोकळा काढून मी चन्नपट्टण गाठले.

बाजारातली दुकाने मागे टाकून गल्ल्यांत शिरले की लेथची घरघर ऐकू येते. तिच्यापाठोपाठ एक वास येतो. गोडसर, किंचित जळकट, पत्रावर लाखेची मोहोर करताना येतो तसा. मी ज्या कारखान्यात शिरले तो एका मोठ्या खोलीएवढा होता. जमीन पांढऱ्या भुश्याने झाकलेली. वृद्ध कारागीर दखनी बोलत, मी दिल्लीची हिंदी. आमचे छान जमले. मी त्यांना चाचा म्हणू लागले.

येथील लाकूड म्हणजे 'आले मर'. आपल्याकडचा काळा कुडा. हस्तिदंतासारखे पांढरे, मऊ आणि बारीक पोताचे. ते महिनोन् महिने वाळवितात. ओले लाकूड कातले तर वाळताना ते आकसते, आणि वरची लाख, जी आकसत नाही, ती तडकून निघते. चाचांनी एक ठोकळा लेथवर बसविला, पटाशीने पाहता पाहता त्याचा गोल चेंडू केला आणि काचकागद लावून तो गुळगुळीत केला. मग हळदीसारख्या पिवळ्या लाखेची कांडी उचलून त्यांनी फिरत्या चेंडूवर नुसती दाबली. वाचकहो, आपण कल्पना करावी: ना ब्रश, ना तेल, ना विस्तव. घर्षणानेच उष्णता उत्पन्न होते, कांडीचे टोक वितळते आणि रंग लाकडावर पसरत जातो. फार हलके दाबले तर लाख कणाकणांनी बसते. फार जोर केला तर करपून काळी पडते. यानंतर केतकीच्या वाळलेल्या पानाचा तुकडा घेऊन तो चाचांनी त्याच फिरत्या चेंडूवर धरला. पानाच्या दाबाने लाख सारखी झाली, रंध्रांत भरली, आणि चेंडूच्या अंगावर खिडकीचे प्रतिबिंब उमटले. सारे मिळून पाच मिनिटे लागली नसतील. चेंडू माझ्या हातावर ठेवला तेव्हा तो कोमट होता, पण चिकट मुळीच नव्हता.

यातले मर्म माझ्या ध्यानात यावयास थोडा वेळ लागला. आमच्या ऑइलपेंटमध्ये जे वाळावयाचे होते ते येथे नव्हतेच. लाख उष्णतेने वितळली, थंड होताच घट्ट झाली. उडून जावयास मध्ये कोणतेही द्रव्य नाही.

चन्नपट्टणात ही कला टिपू सुलतानाने आणविलेल्या इराणी कारागिरांनी रुजविली असे सांगतात. विसाव्या शतकात बावस मियाँ यांनी जपानी पद्धतींची भर घालून ती वाढविली, असे येथे सारेच आदराने बोलतात. २००५-०६ मध्ये या खेळण्यांना भौगोलिक निर्देशांक मिळाला. आंध्रातल्या एटिकोप्पाकालाही लाकूड तेच, लाख तीच आणि पानही तेच. तेथे वनस्पतिज रंगांचे पुनरुज्जीवन करणारे सी. व्ही. राजू यांना २०२३ साली पद्मश्री देण्यात आली. आपल्या सावंतवाडीच्या चितार आळीतली खेळणी मात्र निराळी. तेथे हलका पांगारा वापरतात आणि रंग कुंचल्याने चढवितात.

मी चाचांना पाळण्याची सारी कथा सांगितली. त्यांनी मान हलविली आणि विचारले, "वस्तू कोण हाताळणार? ती कशाला टेकणार? एवढे विचारले की पॉलिश कोणते ते आपोआप कळते, बेटी. लोक आधी डबा आणतात आणि मग वस्तू शोधतात." पाळण्याच्या सपाट फळ्यांना लेथ चालणार नाही हे उघडच होते. पण लाख तीच, वाट दुसरी, असे ते म्हणाले, विस्तवाऐवजी स्पिरिट.

येथे लाखेविषयी थोडे सांगितले पाहिजे. पळस, बोर, कुसुम या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर लाखेचे सूक्ष्म किडे वस्ती करतात आणि आपल्याभोवती राळेसारखे कवच करतात. झारखंड व छत्तीसगडची जंगले हे त्यांचे माहेर. रांचीजवळ नामकुम येथे १९२४ सालीच लाखेच्या संशोधनासाठी संस्था निघाली. फांद्या खरवडून, कुटून, धुऊन लाख काढतात. धुण्याच्या पाण्यात जो लाल रंग उतरतो त्याचाच अळिता होतो. मग कापडाच्या लांब पिशवीत भरून ती निखाऱ्यांसमोर वितळवितात, तिचा पातळ पापुद्रा ताणतात आणि मोडून चपडा लाख तयार करतात. औषधाच्या गोळ्यांवर व मिठाईवर चकाकी आणण्यासाठी शुद्ध केलेली हीच लाख वापरली जाते. तेव्हा मुलाने कठडा चावला तरी भिण्याचे कारण नव्हते. मात्र तिच्यात रंग मिसळला तर तोही तितकाच निर्धोक हवा. आम्ही रंग मिसळलाच नाही.

दिल्लीस परतल्यावर काम हाती घेतले. पहिली अडचण जुना पेंट काढण्याची. तो कोरडा घासू नये, कारण शिसे असलेच तर त्याची धूळ कपच्याहून वाईट. जाळूनही काढू नये. मुलीला आठवडाभर तिच्या आत्याकडे ठेवले, नाकातोंडाला चांगला मुखवटा बांधला, आणि लाकूड ओले ठेवून, खाली प्लास्टिक अंथरून रंग खरवडला. निघालेला चोथा त्याच प्लास्टिकमध्ये बांधला. कातीव दांड्यांच्या खाचांनी माझा अंत पाहिला. लाकूड पूर्ण वाळल्यावर मग काचकागद: आधी ८० नंबरचा, मग १२०, शेवटी २२०, आणि नेहमी लाकडाच्या रेषांच्या दिशेने.

चपडा लाख स्पिरिटात रात्रभर भिजत घातली. एक लिटरला सुमारे २५० ग्रॅम. पहिल्या हाताला त्यातच तितकेच स्पिरिट घालून ते पातळ केले, म्हणजे लाकूड ते पिऊन घेते. पुढचे हात कापसाचा बोळा मऊ सुती फडक्यात बांधून त्याने दिले. बोळा लाकडावर थांबता कामा नये. थांबला की खालचा थर उचलला जातो. दोन हातांमध्ये तासभर जाऊ द्यावा आणि अगदी बारीक कागद हलकेच फिरवावा. हे स्पिरिट विषारी व ज्वालाग्राही असते, म्हणून खिडक्या उघड्या, चूल बंद, आणि मूल त्या खोलीत नको. विरघळवून ठेवलेली लाख काही महिन्यांत जुनी होते व मग नीट वाळत नाही. लागेल तेवढीच करावी.

मी श्रावणातच घाई केली. दुसऱ्या हातानंतर फळीवर दुधासारखे धुके आले. दमट हवेतले पाणी लाखेत अडकले होते. आमच्या गल्लीतले वृद्ध मिस्त्रीजी पाहून हसले आणि म्हणाले, "दसऱ्यापर्यंत थांबा." थांबले. कोरड्या हवेत त्याच फळीवर स्पिरिटाचा बोळा फिरविताच धुके गेले. एकूण सहा हात दिले आणि नंतर पंधरा दिवस पाळणा हवेशीर जागी तसाच ठेवला.

लाख सर्वत्र चालेल असे मात्र आपण समजू नये. गरम भांडे ठेवायच्या जेवणाच्या मेजावर ती टिकणार नाही. तेथे मिस्त्री मेलामाइन किंवा पीयू लावतात ते योग्यच आहे. उन्हापावसातल्या दाराला ती निरुपयोगी. पोळपाट-लाटण्याला तर कसलाच थर नको. तो आज ना उद्या पिठात उतरतो. शुद्ध जवसाचे तेल पातळ लावून, जास्तीचे पुसून, काही आठवडे वाळू द्यावे. खोबरेल वाळत नाही, खवट होते. जवसाच्या तेलाची फडकी मात्र चुरगाळून टाकू नका. वाळताना ती तापतात व आपोआप पेट घेतात. पसरून वाळवावी किंवा पाण्यात बुडवावी.

पाळण्यावर टांगावयास चाचांनी मला लाखेचे चार राघू करून दिले होते. दोन पिवळे, दोन हिरवे. ते मी सुटे, वर्तमानपत्रात गुंडाळून पाठविले. पाळणा सुटा करून भाऊ स्वतः गाडीने घेऊन गेला. महिन्याभराने त्याचा काळजीचा फोन आला: वहिनीने कोमट दुधाची वाटी कठड्यावर ठेवली, तिचे पांढरे वर्तुळ उमटले आहे, आता काय करावे? फडके स्पिरिटाने किंचित ओलावून हलक्या हाताने एकदाच फिरव, आणि वाळेपर्यंत बाळाला दुसऱ्या खोलीत ने, असे मी सांगितले. संध्याकाळी पुन्हा फोन आला. वर्तुळ गेले होते. बाळ हिरव्या राघूकडे पाहत पडले होते.