राजवाड्यावर एक रविवार

इंदूरला राहूनही राजवाडा आतून पाहायचा आमचा योग येत नव्हता. येता-जाता बाहेरून दिसे तेवढाच. शेवटी एका रविवारी सकाळी पोहे-जलेबी खाऊन आम्ही पाच जण आजीला घेऊन निघालो.

खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी. १९८४ च्या दंगलीत वाड्याचा बराच भाग जळाला होता, तो पुढे पुन्हा उभारला. आता लाकूडकाम, चुना सगळे नीट केले आहे. शेजारचे गोपाळ मंदिरही, जे कृष्णाबाई होळकरांनी १८३२ मध्ये बांधले, पुन्हा देखणे झाले आहे. मुले खांब मोजत बसली. आजीचे मात्र लक्ष नव्हते. तिला मागच्या गल्लीतले माहेर पाहायचे होते.

गल्ली ओळखूच येईना. रस्ता रुंद करताना घरांचे पुढचे भाग पाडले गेले होते. आजी मारुतीच्या देवळापासून पावले मोजत गेली आणि फुटपाथवर थांबली. "इथे आमचा ओटा होता. गौरी याच पायऱ्यांवरून आत यायच्या."

मागून दुकानदार म्हणाला, "अम्मा, जरा साइड में."

धाकट्याने विचारले, "आजी, वाडा दुरुस्त केला, मग ओटा का नाही?" आमच्यापैकी कुणालाच उत्तर सुचले नाही. रस्ता मोठा झाल्याने रिक्षा मात्र दारापर्यंत आली होती, हेही खरे.

घरी आल्यावर आजीने ट्रंकेतून ओट्यावरचा फोटो काढला. धाकट्याने तो वहीत चिकटवून खाली गल्लीचे नाव लिहिले आहे.