अंगणांतील पहिला धडा

जूनमधील पहिला पाऊस आणि पहिलीच्या वर्गांतील पहिलें रडें, हीं दोन्ही एकाच सुमारास सुरू होतात. कोणी आईचा पदर सोडीत नाहीं, कोणी दाराशींच थबकून आंत पाहत राहतो, तर कोणी आपल्याच घरीं आल्याप्रमाणें पाटी काढून बसतो. असा भेद कां व्हावा, ह्याचा विचार आम्हीं पुष्कळ वर्षें केला नव्हता. कांहीं मुलें हुशार व कांहीं मंद, एवढ्या एका वाक्यावर आम्ही आपलें समाधान करून घेत होतों.

सुमारें अठरा वर्षांपूर्वींची गोष्ट. पहिलीच्या बाई आजारी पडल्यामुळें दोन महिने तो वर्ग आमच्याकडे आला. त्यांत शेळ्या राखणाऱ्या एका गृहस्थाचा मुलगा होता. पेन्सिल मुठींत आवळावी, पुस्तक उलटें धरावें, आणि प्रश्न विचारला कीं खालीं पाहावें, असा त्याचा क्रम. फळ्यावरील 'ग' त्याला पंधरा दिवसांतहि ओळखतां येईना. एके दिवशीं आमचा धीर सुटला व सर्वांदेखत आम्ही म्हणालों, "तुला कांहीं येणार नाहीं!" दुसऱ्या दिवसापासून तो येईनासा झाला.

आठवड्यानें आम्ही त्याच्या घरीं गेलों. दिवस मावळत होता. शेळ्या परत येत होत्या व तो दाराशीं उभा राहून एकेकीस नांवानें हांक मारीत होता. सतरांतील एक कमी आहे, हें त्यानें बापाच्या आधीं ओळखलें. आणि ती कोणती, तेंहि सांगितलें. सारख्या दिसणाऱ्या करडांतील भेद ज्याच्या डोळ्यांस कळतो, त्यास 'ग' आणि 'म' ह्यांतील भेद कळणार नाहीं, असें म्हणणारे आम्ही कोण? त्या घरांत छापलेला कागद म्हणजे भिंतीवरची दिनदर्शिका. पुस्तक कोणत्या बाजूनें उघडावयाचें, हें त्याला कोणीं कधीं दाखविलेंच नव्हतें. आम्हीं त्याच्या आईची क्षमा मागितली. ती माउली म्हणाली, "मास्तर, शाळेत जायच्या आधी काय शिकवायचं असतं, ते आम्हांला तरी कुठं ठावं?" मुलगा त्या वर्षीं परत आला नाहीं.

ह्या प्रश्नाचें उत्तर महाराष्ट्रांत पूर्वींच शोधिलें गेलें होतें, हें आम्हांस मागाहून वाचनांत आढळलें. १९४५ सालीं ताराबाई मोडक ह्यांनीं बोर्डी येथें ग्रामीण बालशिक्षणाचें कार्य आरंभिलें व अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. जीं मुलें बालवाडींत येत ना, त्यांच्या वस्तींत बालवाडीच गेली आणि अंगणांत भरली. म्हणून ती अंगणवाडी. महागड्या साधनांऐवजीं खडे, शिंपले, पानें व बिया कामीं आल्या. पुढें कोसबाडच्या टेकडीवर गुरें राखणाऱ्या वारली मुलांसाठीं कुरणांतच शाळा भरली. १९७५ सालीं सरकारनें बालविकासाची योजना सुरू केली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेंहि तीन ते आठ वर्षांचा काळ शिक्षणाचा पाया म्हणून मानिला आहे.

दिवाळीनंतर त्याच वस्तींतील एका आजींच्या ओसरीवर आम्हीं सायंकाळचा एक तास मागून घेतला. अंगणवाडीच्या बाई, चार माता व आमच्या नववींतील सहा विद्यार्थी साह्यास आले. आरंभींच आम्हीं चूक केली. मुळाक्षरांचे तक्ते टांगले. लहान मुलें तासाभरांत पांगलीं. तेव्हां आजी म्हणाल्या, "मास्तर, लेकराला आधी गोष्ट सांगा, अक्षर कुठं पळून जातंय?" तक्ते उतरले व गोष्टी सुरू झाल्या. चिंचोके निवडावे, मातीचे बैल करावे, रांगोळीच्या रेघा ओढाव्या. अशानें बोटांस बळ येतें व पुढें पेन्सिल नीट धरतां येते. कावळा, काकडी, कासव असे एकाच ध्वनीनें आरंभ होणारे शब्द खेळांत शोधावे. अशानें कान तयार होतो, आणि कान तयार झाल्यावांचून वाचन येत नाहीं. नववींतील मुली चित्रांचें पुस्तक मांडीवर घेऊन ओळीखालीं बोट फिरवीत वाचीत. ओळ कोणीकडून कोणीकडे जाते, हें मुलांस न सांगतां कळे.

त्या ओसरीवर त्या मुलाची धाकटी बहीण रोज येई. तिला पोंचविणारा भाऊ पायरीशींच उभा राही. त्याला आंत बोलावण्याचें धैर्य आम्हांस झालें नाहीं. एके दिवशीं त्यानें खिशांतून मूठभर सागरगोटे काढून मुलांपुढें ओतले आणि आपण होऊन त्यांना मोजावयास शिकवूं लागला. पुढच्या जूनमध्यें तीं दोघें भावंडें पहिलीच्या वर्गांत शेजारीं शेजारीं बसलीं. त्या दिवशीं हजेरी घेतांना त्याच्या नांवाशीं आमचा आवाज किंचित् अडखळला.

पालकहो, तीन वर्षांच्या मुलाच्या हातीं बळेंच पेन्सिल देऊं नका. त्यास रात्रीं एक गोष्ट सांगा, आणि त्याच्या प्रश्नास उत्तर द्या. आपणांस वाचतां येत नसलें तरी गोष्ट सांगतां येते. विद्यार्थिमित्रहो, तुमच्या घरीं वा शेजारीं एखादें लहान भावंड असेलच. रोज पंधरा मिनिटें त्यास मांडीवर घेऊन पुस्तक उघडा. मूल शाळेसाठीं तयार नाहीं, अशी तक्रार आम्ही शिक्षक नेहमीं करतों. परंतु त्या मुलासाठीं आपण सारे तयार आहों काय, हें आधीं पाहिलें पाहिजे.