वचनाचे माहेर

आमच्या शाळेच्या दर्शनी भिंतीवर एक फळा आहे. त्यावर रोज एक सुविचार लिहिण्याचे काम गेली अनेक वर्षे आमच्याकडे आहे. दोन पावसाळ्यांपूर्वी, श्रावणातील एका सकाळी, त्या फळ्यावर काय लिहावे हे आम्हांस सुचेना. आदल्या दिवशी आठवीतील एक मुलगा चिरे काढून सोडून दिलेल्या खणीत, साचलेल्या पावसाच्या पाण्यात, बुडून गेला होता. अखेर आम्ही आमची सुभाषितांची जुनी वही उघडली आणि तीतील एक ग्रीक वचन सुवाच्य अक्षरांत उतरून काढले : देवांची ज्याच्यावर प्रीती असते, तो तरुणपणीच मरतो. वचन सुंदर वाटले. शोकसभेतही आम्ही तेच उच्चारले.

बाराव्या दिवशी आम्ही त्याच्या घरी गेलो. त्याची आजी मूळची डिचोलीकडची. लग्न होऊन पेडण्यास आलेली. वयाने ऐंशीच्या पुढची. ती ओसरीवर खांबाला टेकून बसली होती. आम्हांस पाहताच ती शांतपणे म्हणाली, "मास्तर, फळ्यावरचे ते नातीने मला सांगितले. देवाला आवडला म्हणून त्याला नेला म्हणता. मग मी एवढी वर्षे मागे राहिले, ती देवाला नकोशी म्हणून काय?"

आम्हांपाशी उत्तर नव्हते. मान खाली घालून आम्ही उठलो.

त्या रात्री वहीतील ते पान पुन्हा काढले. वचनाखाली आम्हीच कधीतरी 'ग्रीक' एवढेच लिहून ठेवले होते. ज्याचे घर आपणांस ठाऊक नाही, अशा पाहुण्याला आपण दुःखितांच्या दारी धाडले, याची आम्हांस लाज वाटली आणि आम्ही त्याच्या माहेराचा शोध घेऊ लागलो.

पहिला मुक्काम इंग्लंडात लागला. कवी बायरन याने 'डॉन जुआन' या काव्याच्या चौथ्या सर्गात, इ. स. १८२१ मध्ये, हे वचन जुन्या काळचे म्हणून वापरले आहे. तो स्वतः ग्रीसच्या स्वातंत्र्यासाठी गेला असता १८२४ मध्ये तेथेच तापाने वारला, तेव्हा अवघा ३६ वर्षांचा होता. त्यामुळे वचनाला आणखीच करुण छटा आली असावी. परंतु मागे जाता जाता वाट करुणेकडून विनोदाकडे वळली. ग्रीक ग्रंथांत हे वचन अथेन्सचा नाटककार मिनँडर याच्या नावावर आहे. इ. स. पूर्व चौथ्या शतकात जन्मलेला हा लेखक सुखान्त नाटकांसाठी प्रसिद्ध होता आणि ज्या नाटकातील हे वाक्य, त्याचे नावच मुळी 'दोनदा फसविणारा' असे आहे!

ते नाटक आज अखंड मिळत नाही. इजिप्तच्या वाळूत सापडलेल्या पपायरसच्या तुकड्यांवरून त्याचा काही भाग १९६८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या भागात हे वाक्य नाही. मात्र रोमन नाटककार प्लॉटस याने त्याच नाटकाच्या आधारे लॅटिनमध्ये रचलेले नाटक उपलब्ध आहे. त्यात हे वाक्य कोणाच्या तोंडी आहे? एका लबाड गुलामाच्या! आपल्या म्हाताऱ्या धन्याचे सोने लांबविताना तो धन्याची टर उडवितो. देवांची प्रीती असलेला तरुणपणीच मरतो. या म्हाताऱ्यावर कोणा देवाची प्रीती असती, तर तो दहा-वीस वर्षांपूर्वीच गेला असता. आता याची किंमत सडलेल्या अळंब्याएवढी, असा त्या बोलण्याचा आशय आहे.

पेडणे-डिचोलीकडच्या वाचकांस हे नवलाचे वाटू नये. देवळापुढील दहीकाल्यात संकासुर रात्री जी थट्टा करतो, तिच्यातील एखादे वाक्य सकाळी बाजारात लोकांच्या तोंडी खेळत असते. त्या वाक्याचेही असेच झाले. पुढे कोणी ते नाटकातून अलग काढले. पुत्रशोकात बुडालेल्या अपोलोनियसच्या सांत्वनासाठी लिहिलेले एक पत्र प्लुटार्कच्या नावावर चालत आले आहे; त्यात ते सांत्वन म्हणून दिसते.

त्यातील विचार मात्र मिनँडरहूनही जुना आहे. हिरोडोटसने सोलोनच्या तोंडी एक कथा घातली आहे. आर्गोस नगरात हीरा देवीचा उत्सव होता. गाडीचे बैल शेतातून वेळेवर आले नाहीत, तेव्हा क्लिओबिस व बिटन या दोघा भावांनी स्वतः जू खांद्यावर घेऊन आईला सुमारे आठ किलोमीटर ओढत देवळापर्यंत नेले. मातेने देवीपाशी मुलांसाठी सर्वोत्तम ते मागितले. मुले देवळातच झोपली आणि पुन्हा उठली नाहीत. लोकांनी त्यांचे पुतळे डेल्फीला अर्पण केले. कथा उदात्त खरी. पण त्या आईचे पुढे काय झाले, हे सोलोन सांगत नाही.

आम्हांस आजीचा प्रश्न आठवला. त्या अशिक्षित वृद्धेने ग्रीक नाटक पाहिले नव्हते. तरी वचनातील मागे राहिलेल्यांना लागणारा डंख तिने पहिल्याच ऐकण्यात ओळखला होता. आणखी एक गोष्ट ध्यानात आली. आमच्या तालुक्याच्या सीमेवर, पत्रादेवी येथे, १५ ऑगस्ट १९५५ रोजी पोर्तुगीज पोलिसांनी निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या. त्यात पंजाबातील इसरू गावचे करनैलसिंग वयाच्या २५ व्या वर्षी हुतात्मे झाले. 'देवाला आवडले' असे म्हणून तेथे हात जोडणे सोपे आहे. परंतु गोळी झाडणारा हात माणसाचा होता. आमचा विद्यार्थी गेला, तोही देवाच्या आवडीने नव्हे. त्या खणीला कुंपण नव्हते आणि रोज त्या वाटेने जाणाऱ्या आम्हां मोठ्यांपैकी कोणी ते मागितलेही नव्हते.

आम्ही पुन्हा आजीकडे गेलो. ते वाक्य मुळात नाटकातल्या एका सोंगाड्याने म्हाताऱ्याच्या थट्टेसाठी म्हटलेले आहे, हे तिला सांगितले आणि क्षमा मागितली. ती क्षणभर आमच्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे तिकडच्या संकासुराचे बोलणे तुम्ही देवाच्या तोंडी घातले, मास्तर!" आणि ती चक्क हसली. त्यानंतर दिवेलागणीपर्यंत ती नातवाविषयी बोलत राहिली. तो भिरंडांसाठी झाडावर कसा चढे, तिच्या पानातली मासळी कशी पळवी, हे सारे आम्ही ऐकले. आम्ही एकही सुभाषित उच्चारले नाही.

पालकांनी व गावकऱ्यांनी मिळून त्या खणीभोवती आता काटेरी कुंपण घातले आहे. विद्यार्थिमित्रांनो, पावसाळ्यात ते ओलांडू नका आणि दुसरी उघडी खण दिसली तर घरी येऊन सांगा. आमच्या फळ्यावरही एक नियम झाला आहे : वचन कोणाचे, कोठले आणि कोणास उद्देशून म्हटलेले, हे कळल्यावाचून ते लिहायचे नाही. एखादे दिवशी फळा कोरा दिसला, तर आम्ही अजून शोधात आहोत, असे समजावे.